आधी वार सांगा

"एवढंच वाचायचंय," धारूरकर सर म्हणाले. "तुझ्या आवाजात. चहा येईपर्यंत होऊन जाईल."

त्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. 'मी हेमाताई बोलतेय. आता मोठा धक्का येणार नाही. निर्धास्त मनानं आपापल्या घरात झोपायला जा.'

मी वाचलं, परत वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

"सर, मोठा धक्का येणार नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं? धरणीचा फोन आला होता का?"

सर हसले नाहीत. एरवी हसले असते. भूकंपाचा अभ्यास करण्यात केस पांढरे केलेला माणूस, माझ्या असल्या बोलण्याला तेच सगळ्यात आधी दाद द्यायचे. त्या दिवशी मात्र ते चष्मा पुसत बसले, आणि मला कळलं की कागद त्यांनी लिहिलेला नाही, पण वाचून घ्यायची जबाबदारी त्यांच्यावर आहे.

आमचं भूकंप अभ्यास केंद्र तालुक्याच्या गावी होतं. मी तिथं जनसंवाद अधिकारी. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या आईला कधीच कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमची हेमा भूकंपाच्या हापिसात आहे, लोकांना धीर देते." आसपासच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांना अधूनमधून धक्के बसायचे, जमिनीखालून गुरगुरल्यासारखे आवाज यायचे. या गावांचा मी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप केला होता, 'धरणीमित्र' नावाचा. धक्का बसला की गावागावातून 'आम्ही ठीक' असं यायचं. मग मी यंत्रात बघून बोलून पाठवायची, धक्का केवढा होता, कुठल्या अंगाला होता. लोक त्याला हेमाताईचा निरोप म्हणायचे. निरोप ऐकल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडून आत जायचं नाही. म्हाताऱ्या बायका तर म्हणे चूलसुद्धा पेटवायच्या नाहीत. मला त्याचा अभिमान होता. का नसावा? भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या किती जणींच्या आवाजावर चुली पेटतात?

त्या हिवाळ्यात धक्के थांबेचनात. आठवडा उलटला तरी रोज काही ना काही. हिवरदरी हे त्यातलं सगळ्यात हादरलेलं गाव. अख्खं गाव रस्त्याकडेच्या माळावर ताडपत्र्या बांधून झोपत होतं, कारण गावात बहुतेक घरं माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यावर लाकडी फळ्या आणि वर फूट-दोन फूट पांढरी माती. हिवाळ्यात आत ऊब असते, पण भिंत सरकली तर ती सगळी माती झोपलेल्या माणसाच्या अंगावर.

"रविवारी आपल्या विज्ञान दालनाचं उद्घाटन आहे," सर म्हणाले. "पाहुणे हिवरदरीच्या रस्त्यानंच येणार. रस्त्याकडेला अख्खं गाव ताडपत्रीखाली बसलेलं बघून ते काय म्हणतील?"

"म्हणतील, गाव शहाणं आहे."

"हेमा, थट्टा पुरे. थंडी किती पडलीय बघतेस ना? पोरं खोकतायत. सरपंच शेषेरावांची आई दमेकरी आहे. धक्का राहिला बाजूला, थंडीनंच कुणी गेलं तर?"

हे मात्र खरं होतं. त्यांच्या आईचा, सरूबाईंचा, खोकला मी स्वतः ऐकला होता. ऐकून आपल्या छातीत दुखावं, असा खोकला.

"मग खरं तेच सांगू," मी म्हणाले. "पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नाही. बहुतेक वेळा असे धक्के आपोआप विरतात, क्वचित एखादा मोठा येतो. तोवर माळवदाखाली झोपू नका. हे बोलते मी. आत्ता बोलते."

"लोकांना 'माहीत नाही' हे ऐकवायला संस्था कशाला लागते?"

"त्यासाठीच लागते, सर. 'माहीत आहे' म्हणणारे गल्लोगल्ली बसलेत."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझं काम लोकांना धीर द्यायचं आहे. ते तुझ्यानं होणार नसेल, तर..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. खरं तर त्यांना ते पुरं करायचं नव्हतंच. पण मी कोटगिऱ्यांची पोरगी. अर्धं वाक्य कुणी हातात दिलं की आमच्या घरात ते पुरं करूनच ठेवतात.

"तर मी नोकरी सोडते," मी म्हणाले.

"रागात बोलू नकोस."

"राग आलाच आहे. पण बोलतेय ते विचार करून."

चहा आला. दोघांनीही घेतला नाही. मी माझ्या टेबलावर जाऊन राजीनामा लिहिला आणि ग्रुपचा फोन सरांच्या पुढ्यात ठेवला. त्या ग्रुपवर फक्त केंद्राच्या फोनवरून बोलता यायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि 'आम्ही ठीक' एवढंच वेगळं कळवायचं. फोन ठेवताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू! तो फोन म्हणजे माझी सगळी माणसं होती. पण कागद मी वाचला नव्हता, आणि माझ्यानंतर तिथं कुणी तो माझ्या आवाजात वाचू शकणार नव्हतं. तेवढं समाधान घेऊन मी घरी आले.

आई ज्वारी निवडत होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"सोडलीस?"

"सोडली."

"बरं. उद्या डबा करू का नको?"

मला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू आलं. आईनं दोन्हींकडे दुर्लक्ष केलं आणि पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्याची बशी घेऊन बसले होते, तेवढ्यात माझ्या स्वतःच्या फोनवर गंगासागरबाईंचा फोन आला. हिवरदरीच्या अंगणवाडीत मदतनीस. ग्रुपमधली सगळ्यात बोलकी बाई, धक्का बसायच्या आधीच 'आम्ही ठीक' कळवेल अशी.

"ताई, तुमचा निरोप आला बगा. लई बरं वाटलं जिवाला. गोधड्या, भांडी, समदं आत न्यायलेत लोक."

मी बशी खाली ठेवली. "कुठला निरोप?"

"हेच की. पहाटं मोठा आवाज झाला, त्याचा. थांबा, ऐकवते."

तिनं तिच्या सुनेच्या फोनवर तो लावला. 'मी हेमा बोलतेय. आत्ताचा आवाज भूकंपाचा नाही. मी यंत्रात बघितलंय. रस्त्याच्या कामावर सुरुंग लावलाय, त्याचा आवाज आहे. घाबरायचं काही कारण नाही. सगळ्यांनी निवांत घरात जा.'

माझाच आवाज. शब्दन् शब्द माझा आणि शब्दन् शब्द खरा. फक्त तो दोन वर्षांपूर्वीचा होता. डोंगराकडचा रस्ता रुंद करत होते, तेव्हा पाठवलेला. आता तिथं ना काम होतं ना सुरुंग, आणि पहाटेचा आवाज जमिनीतून आलेला होता.

"गंगासागरबाई, हा जुना आहे! कुणाला आत जाऊ देऊ नका. पळा, सांगा सगळ्यांना!"

"अगं माय!" एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं परत आला. "ताई, कुणी ऐकंना. म्हणायलेत, ताईचा आवाज आमच्या कानानं ऐकला, तू कोण मधी सांगणारी? शेजारच्या गावाला बी गेलाय म्हणं निरोप. तिथले बी आत जायलेत."

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. मी स्कूटर काढली आणि तडक केंद्रात गेले. सर दालनाच्या दारावर फुलांच्या माळा कुठं लावायच्या ते बघत होते.

"सर, हे तुम्ही पाठवलंत?"

त्यांनी निरोप ऐकला. त्यांचा चेहरा इतका पडला की मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. त्यांनी पाठवला नव्हता.

"मग फोन द्या. आत्ताच्या आत्ता खरं सांगायला हवं."

सरांनी खिशातला फोन बाहेर काढला, हातात धरला आणि तसाच धरून उभे राहिले.

"हेमा, आपण तर काहीच बोललो नाही ना? लोक आपल्या मनानं आत गेले. म्हातारी माणसं उबेला गेली. रविवार परवावर आलाय. राहू दे की दोन दिवस."

"सर!"

"आवाज तुझाच आहे. खोटा थोडाच आहे?"

मला वाटतं, मी नोकरी खऱ्या अर्थानं सोडली ती त्या क्षणी. आदल्या दिवशी मी नुसतं टेबल सोडलं होतं. दोन दिवस राहू दे, म्हणे! भिंतीला कुठं रविवार कळतो?

"फोन तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले, "मी तोंडानं सांगून येते," आणि स्कूटर हिवरदरीच्या रस्त्याला लावली.

गावात पोचले तेव्हा माळावर ताडपत्र्या सोडायचं काम चाललं होतं. मला बघून पोरं ओरडली, "हेमाताई आल्या, हेमाताई आल्या!" बायका पुढं झाल्या. एकीनं तर माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तुमच्यामुळं आज घरात निजणार बगा."

मी मारुतीच्या पारावर चढले. "कुणी घरात निजायचं नाही! तो निरोप जुना आहे. रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हाचा. पहाटेचा आवाज सुरुंगाचा नव्हता."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पण ताई, आवाज तर तुमचाच हाय की."

"माझाच आहे. पण तेव्हाचा आहे."

"यंत्रात बघितलंय म्हणता त्यात."

"तेव्हा बघितलं होतं!"

"आज बघितलं का मग?"

आज मी बघितलं नव्हतं. बघायला यंत्र माझं राहिलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक फेटेवाला हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "वरून दाब आला असंल बाईवर." गंमत बघा, मी सगळ्यांच्या पुढ्यात हाडामांसाची उभी होते, आणि त्यांचा विश्वास फोनातल्या माझ्यावर जास्त होता. इतका राग आला! त्यांचा नाही, त्या फोनातल्या बाईचा. काय खात्रीनं बोलत होती मेली!

"हा निरोप पहिल्यांदा कुणाला आला?" मी विचारलं. "कुणी पाठवला?"

एका पोरीनं सांगितलं, तिला आत्यानं पाठवला. आत्या म्हणाली, तिनं सरूआज्जीजवळ बसून ऐकला आणि मागून घेतला. सगळ्यांच्या माना वळल्या. सरूबाई घोंगडी पांघरून बाजेवर बसल्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा, सरपंच शेषेराव. मिशीवाला, भरभक्कम माणूस. त्यानं मान इतकी खाली घातली होती की टोपी पडायची वेळ आली.

"शेषेराव?" मी म्हणाले.

तो उठला.

"आईला रातभर श्वास घेता येईना, ताई. म्हणलं, आत चल, ऊब हाय. तर म्हणती, हेमाचा निरोप आल्याबिगर माळवदाखाली पाय ठेवायची नाई. तुमचा निरोप तर कालपासनं नाई. मग पहाटं आवाज झाला. माझ्यापाशी तुमचे समदे निरोप ठेवल्यालेत. मला भ्या वाटलं की मी ऐकत असतो." इथं त्याचा आवाज फुटला. "त्यातला एक आईला ऐकवला. फक्त आईला. मला काय ठावं, बाया मागून घेतील."

सरूबाईंनी घोंगडी बाजूला केली. "माझ्यासाठी? आरं मुडद्या, माझ्यासाठी गावाला आत घातलंस व्हय? मी ऐंशीची झाले, माझं काय लोणचं घालायचं होतं?" एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि शेषेराव खाली बसून त्यांची पाठ चोळायला लागला. त्याला कुणी बोल लावला नाही. आई नसलेलं कोण होतं तिथं?

गंगासागरबाई पाराशी आली. "ताई, झालं ते झालं. आता तुम्हीच सांगा, मोठा धक्का येणार का नाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कागदावरचं वाक्य मला पाठ होतं. उलटं वाक्यही बोलता आलं असतं, येणारच म्हणून. तेवढ्यानं सगळे एका दमात बाहेर आले असते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "सरांना माहीत नाही, यंत्राला माहीत नाही. जगात कुणालाच माहीत नाही. जो म्हणेल मला माहीत आहे, त्याला चहासुद्धा पाजू नका."

मला वाटलं होतं, आता गाव खचेल. पण गंगासागरबाईनंच कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे आपलं आपल्यालाच बघाया पायजे. थंडी बी खरी, माळवद बी खरं. माझं घर पत्र्याचं हाय. पत्रा पडला तर टेंगूळ येईल, जीव नाई जायचा. सरूमावशी, तुमी माझ्याकडं चला."

"शाळेवर बी पत्रेच हायेत," फेटेवाला म्हणाला. "पोरंबाळं तिथं निजवू."

"चावी?"

"चावी माझ्यापाशी," शेषेराव नाक पुसत म्हणाला. "आत्ता उघडतो."

बघता बघता चुली, गोधड्या, शेळ्या, सगळ्याची वाटणी सुरू झाली. कुणाकडे पत्रा, कुणाकडे कुडाचं छप्पर. भांडणंही झाली, दोन जावा एका छपराखाली राहायला तयार होईनात. मी पारावर तशीच उभी. मला कुणी काही विचारत नव्हतं. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तेवढं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

"ताई, शेजारच्या गावांचं काय?" गंगासागरबाईनं सुनेचा फोन माझ्यापुढे धरला. "बोला की ह्यात. खरं काय ते सांगा."

मी फोन हातात घेतला आणि परत दिला.

"तुम्ही बोला. मी कालच नोकरी सोडली. आता माझा निरोप येणार नाही. कधीच नाही."

एक बाई पदर डोळ्याला लावायला लागली. मी तिला म्हणाले, "मावशी, रडू नका, मी जिवंत आहे."

"मग आमी कुणाचा आवाज खरा मानायचा?" गंगासागरबाईनं विचारलं.

"कुणाचाच नाही, माझा तर मुळीच नाही. आधी वार ऐकायचा. बोलणाऱ्यानं आज कोणता वार, मी कोण, कुठं उभी आहे, हे आधी सांगायचं. मग डोळ्यांनी काय बघितलं ते. ज्यात वार नाही तो निरोप पुढं पाठवायचा नाही. सख्ख्या आईचा असला तरी."

"सख्ख्या आईचा असला तरी," सरूबाई बाजेवरून म्हणाल्या आणि शेषेरावाच्या डोक्यात एक टपली मारली.

गंगासागरबाईनं पदर नीट केला, जणू फोनातून कुणी बघणार होतं. "आज शुकरवार. मी गंगासागर मुटकुळे, हिवरदरीच्या मारुतीपुढून बोलायले. सुरुंगाचा निरोप जुना हाय, त्याच्यावर जाऊ नका. पुढं काय व्हईल कुणालाच ठावं नाई. माळवदाखाली जाऊ नका. आमी शाळंत अन् पत्र्याच्या घरात जायलोत. तुमी बी तुमचं बगा."

मी स्कूटरला किक मारली तेव्हा तो निरोप शेजारच्या गावात पोचलाही होता. पण डोंगरापलीकडच्या गावांपर्यंत हिवरदरीकरांच्या ओळखी नव्हत्या. तिथंही तो त्याच दुपारी ऐकला गेला, हे मला खूप नंतर कळलं. तो 'धरणीमित्र'वर आला होता. केंद्राच्या फोनवरून. तो फोन त्या दिवशी एकाच माणसाच्या खिशात होता. सरांनी त्याबद्दल मला कधी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

रविवारी दालनाचं उद्घाटन झालं. मोठा धक्का आला नाही. सोमवारीही नाही, त्या महिन्यातच नाही. धक्के हळूहळू विरत गेले. गावातले काही जण म्हणायला लागले की हेमाताईनं उगाच पळापळ करायला लावली. माझ्या कानावर यायचं. यायचं ते येऊ दे. मी तोवर एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले होते. राजीनामा परत घे म्हणून सरांचं पत्र आलं, त्याला मी नम्रपणे नाही कळवलं. आई शेजारणींना सांगायला लागली, "आमची हेमा आता पोरांना धीर देते."

हिवरदरीच्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना मात्र पत्र्याखालची सवय लागली; बाकीचे रानात गेले की ती दिवसभर तिथंच असायची. सरूबाई थंडी संपली तरी गंगासागरबाईच्या घरातून हलल्या नाहीत. म्हणे, तिथं बोलायला माणूस असतं.

उन्हाळ्यात एका दुपारी मी वर्गात फळ्यावर आकृती काढत होते. हातातला खडू थरथरला, पंखा डुलला, पोरं बाकांवरून उठली. मी सगळ्यांना मैदानात नेलं. धक्का आमच्याकडे एवढा जाणवला, म्हणजे डोंगराकडे काय झालं असेल, या विचारात मी पोरं मोजत होते. जुन्या सवयीनं हात फोनकडे गेला, पण आता सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. फक्त वाट बघायची होती. आयुष्यात पहिल्यांदा मी पलीकडच्या बाजूला उभी होते.

मग फोन वाजला. निरोप होता. मागं गलका, कुत्र्यांचं भुंकणं, आणि त्यातून गंगासागरबाईचा धापा टाकणारा आवाज.

"शाळेपुढून बोलायले, गंगासागर. लई मोठा झाला. शेषेरावाचं माळवद बसलं, भिंतीसकट. मारुतीमागची समदी आळी बसली. पर खाली कुणी नव्हतं. ताई, ऐकायलात का? खाली कुणीच नव्हतं. माणसं मोजली, समदी हायेत..."

तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं. छातीत दुखावं असा खोकला. आणि सरूबाईंचा खणखणीत आवाज आला, "अगं ए, वार सांगितलास का? आधी वार सांग, नाईतर तिला कसं कळंल?"

"व्हय की, माय! ताई, आज बुधवार."

मी भर मैदानात, पोरांसमोर, मटकन खाली बसले आणि रडले. पोरं घाबरली. एक जण विचारायला लागला, "मॅडम, काय झालं?"

"काही नाही रे," मी म्हणाले. "आज बुधवार आहे."